हात खाली ठेवून

रात्रीची जेवणं उरकली आहेत. ओटा पुसून झाला, दुधाला विरजण लागलं. आता बाहेरच्या खोलीत या. मोठा दिवा घालवा, कोपऱ्यातला छोटा राहू द्या. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावा आणि येताना दार ओढून घ्या. बसायची घाई करू नका. आज आपण एक सिनेमा बघणार आहोत, पण त्याआधी ज्या यंत्रावर तो लागणार आहे त्याच्याजवळ थोडा वेळ थांबणार आहोत.

यंत्र खेळाचं आहे. आमच्याकडे प्लेस्टेशन ५ आहे, डिस्क घालायची खाच असलेलं. मुलाची दहावी झाली तेव्हा घेतलं. दिवसभर ते त्याचं असतं. आठवड्यातल्या एका रात्री मी मागून घेते. तो आपला खेळ जपून ठेवतो, कंट्रोलर माझ्या हातात देतो आणि विचारतो, "आज कुठला लावणार, आई?" तुमच्या घरी कदाचित जुनं प्लेस्टेशन ३ असेल, एखादा एक्सबॉक्स असेल. सिनेमाची डिस्क लागत असेल तर काहीही चालेल. त्याच्यावर तळहात ठेवा. बंद असलं की ते थंड लागतं, पितळेच्या तांब्यासारखं नाही, पण थंडच.

हात तिथेच राहू द्या आणि हे यंत्र कशासाठी घडवलं गेलं ते आठवा. कुणीतरी बटण दाबेल आणि मग काहीतरी घडेल, यासाठी. खेळात सगळं बोटांवर चालतं. बोट थांबलं की पडद्यावरचा माणूसही उभा राहतो. तो छाती वरखाली करत, मान इकडेतिकडे वळवत तुमची वाट बघतो. पाच मिनिटं गेली तरी तो तसाच. मुलाच्या मागे उभी राहून मी हे कितीदा बघितलं आहे, आणि दर वेळी त्या वाट बघणाऱ्या माणसाशी मला ओळख वाटली आहे. दिवसभर माझ्यासमोरही अशीच माणसं, अशीच कामं उभी असतात. मी हात हलवला की ती हलतात.

आज या यंत्राला आपण असं काम देणार आहोत ज्यात तुमच्या बोटांची गरज नाही.

आता बसा आणि डिस्कचा डबा उघडा. मधल्या चक्रीवर बोट दाबलं की डिस्क सुटते. तिला कडेनं धरा, आणि खालची चकचकीत बाजू दिव्याकडे तिरकी करा. घरात जुनी डीव्हीडी असेल तर तीही दुसऱ्या हातात घ्या. माप दोन्हींचं एकच, १२ सेंटीमीटर. सीडीपासून ते आजच्या चार-केच्या डिस्कपर्यंत हे माप बदललं नाही, म्हणून तर एकाच खाचेत तीन पिढ्या मावू शकतात. पण प्रकाशात दोन्ही वेगळ्या दिसतील. डीव्हीडीवर जरा हलवलं की इंद्रधनुष्य फिरतं. ब्लू-रे मात्र जवळजवळ साध्या आरशासारखी, फार तिरकी केली तरच एक निळसर झाक. असं का? डिस्कवर मधून बाहेर एकच वाट गोल गोल फिरत गेलेली असते. डीव्हीडीवर तिच्या दोन वेढ्यांमध्ये ०.७४ मायक्रॉन अंतर असतं, ब्लू-रेवर फक्त ०.३२. हे अंतर डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींच्या लांबीपेक्षाही कमी आहे, म्हणून रंग सहज फुटत नाहीत. इतकी बारीक वाट वाचायला लाल किरण जाडा पडतो, म्हणून ४०५ नॅनोमीटरचा जांभळट किरण लागला, आणि त्याच्यावरूनच तिला ब्लू-रे हे नाव मिळालं.

ही वाट उलगडली तर किती लांब होईल? एका थरावरची साधारण २७ किलोमीटर. पुण्यातून निघालात तर जवळजवळ सिंहगडाच्या पायथ्याशी पोचाल. इथे क्षणभर थांबा. डिस्क अजून हातातच आहे. एवढा रस्ता तुम्ही अंगठा आणि मधल्या बोटात धरून बसला आहात. तिचं वजन जाणवतंय का बघा. नाही जाणवत. आणि आणखी एक: किरण चालायला सुरुवात करतो ती आतून, भोकाच्या जवळून. कडेपर्यंत पोचला आणि डिस्कला दुसरा थर असला की तो त्या थरावर येतो आणि बाहेरून आत परत फिरतो. जुन्या डीव्हीडी प्लेअरवर सिनेमाच्या मध्येच चित्र पापणी लवेपर्यंत थबकायचं, ते तेव्हाच. आम्हाला वाटायचं डिस्कला ओरखडा आहे. किरण परतीच्या वाटेला लागत होता.

आता उठा. डिस्क खाचेजवळ न्या, पण ढकलू नका. नुसती टेकवा. थोडी आत गेली की आतले रबरी रूळ तिची कड पकडतील आणि ती तुमच्या बोटांतून सुटेल. हा क्षण मला सगळ्यात आवडतो. ट्रेमध्ये ठेवलेली डिस्क आपण ठेवतो. इथे ती आपल्याकडून घेतली जाते. बोटांना अगदी हलकी ओढ जाणवते. लहान मूल हातातला लाडू काढून घेतं तशी. ती ओढ संपेपर्यंत हात तिथेच असू द्या. मग एक घरघर, दोनदा टक् टक्, आणि डिस्क फिरायला लागल्याचा बारीक घुमारा.

परत येऊन बसा. यंत्राला डिस्क ओळखायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात त्याच्या घराण्याकडे बघू.

४ मार्च २००० रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन २ विक्रीला आलं, ३९,८०० येनला. त्यात डीव्हीडी चालायची, आणि तेव्हा डीव्हीडी प्लेअर काही स्वस्त नव्हते. कित्येक घरांत सिनेमाची पहिली डीव्हीडी फिरली ती मुलांच्या या खेळण्यात. सहा वर्षांनी, नोव्हेंबर २००६ मध्ये, प्लेस्टेशन ३ आलं ते ब्लू-रे घेऊन. अमेरिकेत त्याची किंमत होती ४९९ आणि ५९९ डॉलर. लोक म्हणाले, खेळण्याला एवढे पैसे? पण त्याच वर्षी तिथे आलेला सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर ९९९ डॉलरला होता. म्हणजे ज्याला सिनेमा बघायचा होता त्याला खेळाचं यंत्रच स्वस्त पडत होतं. भारतात २००७ साली ते ३९,९९० रुपयांना आलं, आणि आमच्यासारख्या घरांनी त्याच्याकडे दुकानाच्या काचेतूनच बघितलं. तेव्हा ब्लू-रेच्या समोर तोशिबाची एचडी डीव्हीडी उभी होती. एक्सबॉक्स ३६० ला त्या डिस्कसाठी वेगळा ड्राइव्ह विकत घेऊन जोडावा लागायचा. प्लेस्टेशन ३ मध्ये मात्र ब्लू-रे आतच होती. मागितली असो वा नसो, ती घरी येतच होती. १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबानं माघार घेतली. त्यामागे स्टुडिओंचे निर्णय होते, व्यापार होता, पण लाखो घरांत पोरांच्या हट्टानं आधीच जाऊन बसलेलं ते काळं यंत्र हे त्यातलं मोठं कारण होतं, असं मला खात्रीनं वाटतं.

त्या प्लेस्टेशन ३ बद्दल मला मनापासून आदर आहे. ते घरात आल्यावरही शिकत राहिलं. विकत घेतलं तेव्हा जे येत नव्हतं ते नंतर नुसत्या सॉफ्टवेअरनं त्याला येऊ लागलं. २००७ मध्ये ते जुन्या डीव्हीडीचं चित्र मोठ्या टीव्हीसाठी सुधारून दाखवायला लागलं, २०१० मध्ये थ्रीडी डिस्क चालवायला लागलं. त्याच्या बरोबरीचे बरेच महागडे प्लेअर ज्या दिवशी खोक्यातून निघाले त्या दिवशी होते तेवढेच राहिले.

आता पडद्यावर डिस्कचं चित्र आलं असेल. अजून सुरू करू नका. एक काम राहिलं आहे, ते आयुष्यात एकदाच करायचं आहे, पण नीट करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चित्रित झालेला असतो. टीव्ही सहसा सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवतो. चोवीसची साठ कशी होणार? एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा, मग परत दोनदा. कॅमेरा सावकाश बाजूला सरकत असतो तेव्हा हे डोळ्याला बोचतं: चाल अडखळते, लंगडते. यंत्राच्या सेटिंगमध्ये २४ हर्ट्झचा पर्याय असतो, तो चालू करा. टीव्हीचं चित्र गुळगुळीत करणारी जी काही करामत असेल ती बंद करा. ती दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये आपल्या मनानं तिसरं घालते. दिग्दर्शकानं जेवढी चित्रं दिली तेवढीच बघू. चोवीस पुरेशी आहेत.

झालं? आता 'प्ले' वर या, बटण दाबा, आणि कंट्रोलर टीपॉयवर ठेवा.

हे मला मुलानं शिकवलं. पहिल्यांदा मी या यंत्रावर सिनेमा लावला तेव्हा सवयीनं कंट्रोलर दोन्ही हातांत धरून बसले होते. कुठेतरी मनासारखा प्रसंग आला आणि माझी बोटं घट्ट झाली. वरच्या कडेचं जे बटण दाबून तो खेळातली गाडी पळवतो, त्याच बटणानं इथे सिनेमा पुढे पळतो. बाई रडत होती. ती एकदम झरझर रडायला लागली, झरझर उठली, निघून गेली. मी घाबरून आणखी काहीतरी दाबलं. मुलगा आतून आला, माझ्या हातातून कंट्रोलर हळूच काढून घेतला आणि प्रसंग मागे नेऊन दिला. म्हणाला, "धरू नकोस, आई. खाली ठेव. याला आता तुझी गरज नाहीये."

तो सहज बोलला. मी मात्र ते वाक्य पुष्कळ दिवस घोळवलं. मला कुणाचीतरी सतत गरज असण्याची इतकी सवय झाली आहे की गरज नाही म्हटल्यावर आधी दुखलं. मग रात्री उशिरा, सिनेमा संपल्यावर, लक्षात आलं की त्या दोन तासांत मला खांदे होते हे मी विसरून गेले होते.

म्हणून आता तुमचे हात बघा. मांडीवर, तळवे वर किंवा खाली, जसे बरे वाटतील तसे. टीपॉयवर कंट्रोलरचा निळा दिवा अजून जळतो आहे. आमच्याकडे तो दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर आपोआप बंद व्हावा, असं लावून ठेवलं आहे. त्याच्याकडे मुद्दाम लक्ष देऊ नका. सिनेमा बघता बघता केव्हातरी डोळ्याच्या कोपऱ्यात तो विझेल. यंत्रानं मानलेलं असतं की तुम्ही आता काही करणार नाही. तो विझला की एक लांब श्वास सोडा.

मी आज सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' लावला आहे. १९५५ चा. भाचीनं अमेरिकेहून तिन्ही अपू-चित्रपटांचा संच आणला, २०२४ मध्ये निघालेला, त्यात प्रत्येक सिनेमाच्या चार-के डिस्कबरोबर साधी ब्लू-रेही आहे. ब्लू-रेला प्रदेश असतात. अमेरिका 'ए' मध्ये, भारत 'सी' मध्ये. त्यामुळे संचातल्या ब्लू-रे आमच्या यंत्रात लागत नाहीत. चार-केच्या डिस्कना मात्र प्रदेशाची कुंपणं घातलेली नाहीत, त्या लागतात. बंगालमधल्या त्या गावाचं चित्र जग फिरून, कुंपणाशेजारून वाट काढून कोथरूडच्या एका बैठकीच्या खोलीत आलं, याचं मला अजून अप्रूप आहे.

त्या चित्राचा प्रवास याहूनही अवघड होता. जुलै १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि तिथे ठेवलेल्या या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह जळल्या. राय आदल्याच वर्षी गेले होते. जे उरलं ते करपलेलं, वितळून एकमेकांना चिकटलेलं, कडांना ठिसूळ. कुणीतरी ते फेकून दिलं नाही. ते अमेरिकेतल्या अकॅडमीच्या चित्रपट-संग्रहात जपून ठेवलं गेलं. वीसेक वर्षांनी क्रायटेरियन या कंपनीनं हात घातला आणि इटलीत बोलोन्याच्या लिमाजिने रित्रोवाता या प्रयोगशाळेत माणसांनी ती पट्टी पुन्हा ओलसर केली, सोडवली, फाटलेल्या कडा शिवल्यासारख्या जोडल्या. जवळजवळ हजार तास, हातानं. 'पथेर पांचाली'चा साधारण ४० टक्के भाग त्या जळक्या निगेटिव्हमधूनच परत मिळाला; बाकीचा इतर चांगल्या प्रतींवरून घेतला. आपल्या पुण्यात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या, त्यांच्यातल्या किती परत आल्या असत्या, हा विचार इथे मनात येतोच. तो येऊ द्या. त्याच्याशी भांडू नका. पडद्याकडे परत या.

हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तो बाबांच्या शेजारी बसून, लॉ कॉलेज रस्त्यावर, त्याच संग्रहालयात. प्रत फार चाललेली होती. पडद्यावर वरून खाली रेघा पडत राहायच्या. शेवटाकडे छोट्या अपूची बहीण दुर्गा पावसात भिजते, तेव्हा पडद्यावर दोन पाऊस पडत होते, एक बंगालचा आणि एक प्रोजेक्टरचा, आणि मला त्यातला कुठला कुठला ते कळत नव्हतं. आज त्या रेघा गेल्या आहेत. दुर्गा केस मोकळे सोडून गरगर फिरते, आणि तिच्यावर पडतो तो फक्त पाऊस. पाण्याचा एकेक थेंब तिच्या हनुवटीवरून सुटताना दिसतो. मला दोन्ही हवे आहेत. बाबांच्या शेजारचा तो रेघांचा पाऊसही मी माझ्याकडे ठेवला आहे.

पण आज जिथे थांबायचं आहे ती जागा आधी येते. अपू आणि दुर्गा घरापासून खूप लांब, काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांच्या रानात आले आहेत. तिथे तारांचे उंच खांब आहेत. असे खांब त्यांनी कधी पाहिले नसावेत. दुर्गा जवळ जाते आणि खांबाला कान लावते. आत काहीतरी गुणगुणतं आहे.

इथे तुम्हीही कान द्या. सिनेमात तो गुंजारव चालू आहे. आणि खोलीत यंत्राचा पंखा चालू आहे. डिस्क फिरते आहे. शांत प्रसंगात हे यंत्र ऐकू येतं, आणि सिनेमासाठीच बनवलेल्या चांगल्या प्लेअरच्या मानानं ते जास्त ऐकू येतं. खूप लोक म्हणूनच याला नाकारतात, आणि त्यांचं चूक नाही. मीही यंत्र टीव्हीपासून जरा दूर, हवेशीर कोपऱ्यात सरकवलं आहे, भिंतीला न टेकवता. पण या एका प्रसंगात मी त्या आवाजाला बाहेर ठेवत नाही. खांबात काय गुणगुणतंय ते दुर्गाला ठाऊक नाही. आपल्या खोलीतल्या यंत्रात एक जांभळट किरण २७ किलोमीटरच्या वाटेवर चालतो आहे, आणि त्याच्या पावलाखालून ही पोर, हे तुरे, हा खांब निघतो आहे. दोन्ही आवाज ऐका. आधी एक, मग दुसरा. मग दोन्ही एकदम. कुठला कुठला ते वेगळं करायला जाऊ नका.

मग आगगाडी येते. अपू पळतो. काळा धूर पांढऱ्या तुऱ्यांवर पसरतो. चोवीस चित्रं सेकंदाला, एकही लंगडत नाही.

आता बराच वेळ काही सांगत नाही. बघा.

मध्ये कधी मन भरकटलं, उद्याचा डबा आठवला, गॅसचा नंबर लावायचा राहिला हे आठवलं, तर कंट्रोलर उचलून मागे जाऊ नका. जे निसटलं ते निसटलं. थिएटरात आपण तसंच करायचो. हात मांडीवर आहेत का तेवढं बघा. पडद्यावर कुणी हालचाल करत असेल ती तुमच्यामुळे नाही. म्हातारी इंदिर आत्या बोचकं घेऊन बाहेर पडते, तिला तुम्ही थांबवू शकत नाही. दुर्गाला ताप येतो, तो तुम्ही उतरवू शकत नाही. ज्या यंत्रात कुणी मेलं की पुन्हा पहिल्यापासून खेळता येतं, त्याच यंत्रात आज दुर्गा जाते आणि परत येत नाही. मी हे मुलाला कधी बोलून दाखवलं नाही. मागच्या वेळी तो दारात उभा राहून तो प्रसंग बघत होता. मग येऊन माझ्या शेजारी सतरंजीवर बसला, शेवटपर्यंत. अपू डबक्यात हार फेकतो, शेवाळ बाजूला होतं आणि सावकाश मिटतं, तेव्हा त्याचे हातही मांडीवरच होते.

कुणी मला विचारलं की निव्वळ सिनेमासाठी हे यंत्र घ्यावं का, तर मी घ्या म्हणणार नाही. डिस्कवर डॉल्बी व्हिजनचं चित्र असलं तरी ते हे यंत्र दाखवत नाही. गाण्यांची सीडी तर घेतच नाही. प्लेस्टेशन ३ ती घ्यायचं. बाबांच्या अभंगांच्या सीडी कपाटात आहेत आणि त्यांच्यासाठी मी जुना प्लेअर दुरुस्त करून आणला आहे. पण घरात हे यंत्र आहेच, तर त्याच्यात सिनेमाची डिस्क एकदा घालून बघाच, असं मी कुणालाही हाताला धरून सांगेन. आणि ते लवकर करा. ओप्पोनं २०१८ मध्ये नवे प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगनं २०१९ मध्ये अमेरिकेत. २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये खाचच नाही. डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो. पोरांच्या खेळण्यात ही खाच अजून आहे तोवर ज्याला सिनेमा हातात धरायचा आहे त्याची सोय आहे.

सिनेमा संपला असेल. शेवटच्या दृश्यातली बैलगाडी दिसेनाशी झाल्यावर लगेच उठू नका. पडदा काळा आहे तोवर बसून राहा. मग कंट्रोलरचं मधलं बटण दाबा. निळा दिवा परत लागेल. डिस्क बाहेर काढायला सांगा.

ती खाचेतून अर्धी बाहेर येते आणि थांबते. कडेनं धरून ओढून घ्या. कोमट असेल. तव्यावरून काढून दुरडीत ठेवलेल्या पोळीला थोड्या वेळानं हात लावला तर लागते, तेवढी. डब्यात घालण्याआधी ती निवेपर्यंत हातात धरा.